पक्षी-नोंद अर्जाची पडताळणी: कामाच्या नोंदी

४ ऑगस्ट

पक्षीनिरीक्षकांच्या ऑनलाइन अर्जाचा सर्व्हर पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या ७.४ आवृत्तीवरून ८.२ वर नेला. तासाभरात एरर लॉग एकाच इशाऱ्याने भरला. फिल्टर एक्स्टेन्शनमधली ‘सॅनिटाइझ स्ट्रिंग’ ही मजकूर साफ करणारी गाळणी वापरणं बंद करा, असा तो इशारा आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात आलेल्या ८.१ पासून ती कालबाह्य आहे. आपला अर्ज त्याहून बराच जुना. निरीक्षकाचं नाव, ईमेल, ठिकाण, तारीख, पक्षी, संख्या, शेरा, असा प्रत्येक रकाना याच एका गाळणीतून जातो.

सोपा उपाय समोरच होता. शोधा-बदला करून सगळीकडे एचटीएमएल-स्पेशल-कॅर्स (एचटीएमएलची खास चिन्हं निरुपद्रवी करणारं फंक्शन) घालायचं आणि लॉग शांत करायचा. हात तिकडे गेलाही होता, पण थांबले. ही गाळणी इतकी वर्षं नेमकं काय करत होती, ते आधी पाहायचं.

५ ऑगस्ट

पाहिलं, आणि दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

आपल्या सर्वांत जुन्या निरीक्षक ताईंनी मागे तीनदा कळवलं होतं: “मी लिहिलेल्या शेऱ्यातला अर्धाच छापून येतो.” आम्ही प्रत्येक वेळी त्यांना सांगितलं की नेटवर्क तुटलं असेल, पुन्हा भरून बघा. आज त्यांना फोन करून त्यातल्या एका दिवसाची वही वाचून दाखवायला सांगितली. वहीत आहे: “तळ्यावर थवा उतरला, <५० असावेत, उजेड कमी होता, उद्या पुन्हा मोजते.” डेटाबेसमध्ये आहे: “तळ्यावर थवा उतरला, ”. स्वल्पविरामानंतर एक मोकळी जागा, आणि पुढे काही नाही.

कारण एका ओळीचं आहे. ‘पेक्षा कमी’चं चिन्ह दिसलं की ही गाळणी समजते, एचटीएमएलचा टॅग (वेबपानाच्या भाषेतली कंसातली खूण) सुरू झाला. मग ती टॅग बंद करणाऱ्या चिन्हाची वाट पाहते. ते चिन्ह शेवटपर्यंत आलं नाही, तर शेवटपर्यंतचं सगळं फेकून देते. टॅग काढणारं साधं स्ट्रिप-टॅग्ज फंक्शन निदान चिन्हानंतर मोकळी जागा असेल तर सोडून देतं. ही तेवढीही सवलत देत नाही. ना चूक दाखवली जाते, ना कुठे नोंद राहते. अर्ज ‘धन्यवाद’ म्हणतो आणि निरीक्षण अर्धं होऊन जतन होतं.

आणि पक्षीनिरीक्षणात हे चिन्ह रोजचं आहे. अंदाज लिहायचा असला की माणूस तेच वापरतो.

६ ऑगस्ट

सकाळी सगळे बसलो. सहकाऱ्याचं म्हणणं होतं की गाळणीशिवाय अर्ज उघडा पडेल, कुणी शेऱ्यात स्क्रिप्ट (पानावर चालणारा कोड) टाकली तर? भीती खरी आहे, फक्त तिचा बंदोबस्त चुकीच्या दारावर होत होता. शेऱ्यात स्क्रिप्ट लिहिलेली असणं हा धोका नाही. ती पानावर स्क्रिप्ट म्हणून चालणं हा धोका आहे, आणि पान बनतं ते मजकूर बाहेर पडताना.

फळ्यावर तीन कामं वेगळी लिहिली. आत येताना पडताळणी: हा मजकूर या रकान्यात बसतो का? बसत नसेल तर कारण सांगून परत करायचा, स्वतः दुरुस्त करायचा नाही. डेटाबेसशी बोलताना प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे आज्ञा आणि मजकूर वेगवेगळे पाठवणं. बाहेर पडताना एस्केपिंग (खास चिन्हं साधी अक्षरं म्हणूनच दिसतील अशी लिहिणं), जिथे बाहेर पडतो त्या जागेच्या नियमाने. आणि मधल्या सगळ्या प्रवासात माणसाने लिहिलेलं अक्षरही बदलायचं नाही.

पीएचपीने ही चूक पूर्वी भाषेच्या पातळीवरच करून पाहिलेली आहे. मॅजिक कोट्स म्हणून सोय होती. येणाऱ्या प्रत्येक मजकुरात अवतरणचिन्हाआधी आपोआप बॅकस्लॅश घातला जायचा, तो मजकूर डेटाबेसकडे जाणार असो वा ईमेलमध्ये. २००९ मध्ये ५.३ ने ती नको म्हणून सांगितलं, २०१२ मध्ये ५.४ ने काढूनच टाकली. मजकूर कुठे जाणार हे ठाऊक नसताना आधीच केलेलं एस्केपिंग कुठेच नीट बसत नाही.

सहकाऱ्याला पटलं. मलाही हे मोठ्याने बोलल्यावरच नीट पटलं.

८ ऑगस्ट

संख्येचा रकाना. इथे मी अर्ध्या तासाचं काम धरलं होतं, दोन दिवस गेले.

जुना कोड दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी एम्प्टी: रकाना रिकामा असेल तर “संख्या भरा” म्हणून परत पाठवा. पण पीएचपीत शून्य हा एकच आकडा असलेली स्ट्रिंगसुद्धा (म्हणजे मजकूरसुद्धा) एम्प्टी, म्हणजे रिकामी, ठरते. म्हणजे कुणी पहाटे उठून दोन तास बसलं, ज्या पक्ष्यासाठी बसलं तो दिसला नाही, आणि त्याने प्रामाणिकपणे शून्य लिहिलं, तर अर्ज म्हणतो संख्या भरा.

एक पक्षीसुद्धा दिसला नाही ही नोंद या कामात सोन्यासारखी आहे. कुणी गेलंच नाही आणि कुणी जाऊन रिकाम्या हाताने आलं, यातला फरक नोंदींत नसेल तर पक्षी कमी झाले की निरीक्षक, हे कसं कळणार? शेरे चाळले. काही जणांनी संख्येत एक टाकलाय आणि शेऱ्यात लिहिलंय, “एकही दिसला नाही, शून्य घेत नाही म्हणून एक टाकला.” आमच्या पडताळणीने माणसांना खोटं लिहायला लावलं. हे वाचताना फार वाईट वाटलं.

नव्या कोडमध्ये फिल्टर-व्हॅर हे फंक्शन आणि त्यातली पूर्णांकाची पडताळणी, किमान शून्य, कमाल एक लाख. तिथेही तोच खड्डा आहे. शून्य बरोबर असेल तर फंक्शन शून्य परत देतं, चूक असेल तर फॉल्स (‘असत्य’) देतं, आणि दोन बरोबरच्या चिन्हांच्या सैल तुलनेत दोन्ही सारखेच. तीन बरोबरच्या चिन्हांनी फॉल्सशीच तुलना करायची. पहिली टेस्ट याचीच लिहिली.

९ ऑगस्ट

मग प्रश्न पडला: शून्य घेतच नव्हता, तर तक्त्यात शून्यं आली कुठून? बरीच आहेत.

जुन्या कोडची दुसरी पायरी होती रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुराचा साचा तपासणारं सूत्र: सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त अंक, आणि मागे यूटीएफ-८ साठी (युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींचं एकच मानक, साठवायची ती पद्धत) ‘यू’ हा मॉडिफायर. पीएचपीत तो मॉडिफायर लावला की ‘अंक’ या खुणेत युनिकोडमधले सगळे अंक येतात, देवनागरीसुद्धा. म्हणजे कुणी मराठी कीबोर्डवरून १२ लिहिलं तर ते अंक म्हणून पास. पुढच्याच ओळीत त्याचा पूर्णांक केलाय. त्या रूपांतराला मात्र देवनागरी अंक कळत नाहीत. पहिलंच अक्षर अनोळखी, म्हणून उत्तर शून्य.

बारा पक्ष्यांचे शून्य झाले. जे खरे शून्य होते ते परत गेले, आणि जे शून्य नव्हते ते शून्य म्हणून आत बसले. देवनागरी ० लिहिणाऱ्याची नोंद तेवढी बरोबर उतरली, कारण एम्प्टीच्या लेखी ते देवनागरी अक्षर रिकामं नाही आणि त्याचं रूपांतरही शून्यच होतं.

नव्या कोडमध्ये पडताळणीच्या आधी युनिकोड ०९६६ ते ०९६F हे दहा अंक इंग्रजी अंकांत बदलून घेतो. मजकुराला हात लावायचा नाही हे परवाच ठरवलं होतं, मग हे कसं चालतं? माझं मत असं: संख्येत अर्थ किमतीला आहे, लिपीला नाही. १२ कुठल्याही अंकांत लिहा, पक्षी बाराच. शेऱ्यात १२ लिहिलं असेल तर ते जसंच्या तसं राहील.

जुन्या शून्यांचं काय करायचं ते नंतर.

१२ ऑगस्ट

नावाचा रकाना. सध्याचा नियम: फक्त अक्षरं आणि मोकळी जागा. अक्षर म्हणजे युनिकोडचा ‘एल’ वर्ग. ऐकायला ठीक, पण मराठीतल्या काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांतलं काहीही ‘एल’मध्ये येत नाही, ती सगळी ‘एम’ वर्गात, म्हणजे चिन्हं. त्यामुळे ‘कमल’ हे नाव चालतं आणि ‘कमला’ चालत नाही. कान्यावर अडलं.

तात्पुरता उपाय दोन्ही वर्ग घेण्याचा होता. मग डि’सोझा आलं, जोडनाव मधल्या रेघेचं आलं, आद्याक्षरापुढचा टिंब आला. प्रत्येकासाठी नियमात एक भोक पाडत बसण्यापेक्षा नियमच काढला. नावाला आता एवढंच: रिकामं नको, यूटीएफ-८ वैध हवं, नवी ओळ आणि नियंत्रक अक्षरं नकोत, मजकुराची दिशा उलटवणारी अदृश्य चिन्हं नकोत, १०० कोडपॉइंटच्या (युनिकोडमधल्या एकेका चिन्हाच्या) आत हवं. माणसाचं नाव बरोबर आहे का हे ठरवायचा अधिकार अर्जाला नाही.

लांबीवरून आठवलं. शेऱ्याला ‘३०० अक्षरं’ अशी मर्यादा छापलीय आणि तपासणी स्ट्रलेनने, जे बाइट मोजतं. देवनागरीचा एकेक कोडपॉइंट यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटांचा, म्हणजे मराठीत लिहिणाऱ्याला शंभरातच थांबवलं जात होतं. त्यातही ‘क्ष’ एकट्याने ९ बाइट खातो. कोडपॉइंट मोजणारं एमबी-स्ट्रलेन लावलं, मर्यादा २००० केली. डेटाबेसचा कॅरेक्टर सेटही यूटीएफ-८-एमबी-४ केला. मायएस्क्यूएलचा जुना ‘यूटीएफ-८’ तीनच बाइटांचा, त्यात चार बाइटांची इमोजी मावत नाही.

रेग्युलर एक्स्प्रेशनबद्दल आणखी एक: डॉलरचं चिन्ह ‘शेवट’ म्हणजे अगदी शेवट असं धरत नाही, शेवटी एक नवी ओळ असेल तर तीही खपवून घेतं. जिथे एक्स्प्रेशन उरलंय तिथे ‘डी’ मॉडिफायर लावला.

१३ ऑगस्ट

टेस्टमध्ये ‘किनार्‍यावर’ घातलं, बाहेर आलं ‘किनार्यावर’.

अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर वापरतात, काही साधा र, हलन्त आणि मग झिरो-विड्थ जॉइनर, म्हणजे युनिकोड २००D. डोळ्यांना दोन्ही सारखे. आपल्याकडे ‘अदृश्य अक्षरं साफ करा’ असं एक छोटं फंक्शन आहे, कुणीतरी चांगल्या हेतूने लिहिलेलं. ते युनिकोडचा ‘सीएफ’ वर्ग सरसकट काढतं, आणि जॉइनर त्याच वर्गात मोडतो. मग सुर्‍याचा सुर्या होतो आणि दर्‍यांच्या दर्या होतात. दिसत नाही ते निरुपयोगी, असं मराठीत म्हणताच येत नाही.

शेऱ्यातून आता फक्त ‘सीसी’ वर्गातली नियंत्रक अक्षरं अडवायची, त्यातही नवी ओळ आणि टॅब सोडून. बाकी सगळं तसंच.

शोधाची अडचण मात्र खरी आहे: एकाने ऱ लिहिला, दुसऱ्याने जॉइनरवाला, तर शोधात एक सापडतो आणि दुसरा हरवतो. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करणारं युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन या दोन्हींना एक करत नाही, करून पाहिलं. म्हणून शोधासाठी वेगळा कॉलम केला. त्यात दोन्ही रूपं एकाच रूपात आणून ठेवतो, मूळ शेरा शेजारी अस्पर्श.

१६ ऑगस्ट

तारीख. मजकुरातून तारीख बनवणाऱ्या क्रिएट-फ्रॉम-फॉरमॅटला ३० फेब्रुवारी दिली तर ते तक्रार न करता २ मार्च देतं (लीप वर्षात १ मार्च). आलेली तारीख पुन्हा त्याच साच्यात लिहून मूळ मजकुराशी ताडून पाहते. जुळली नाही तर परत.

दुसरा नियम ‘भविष्यातली तारीख नको’. हा नियम कुणाला अडवतो हे पाहिलं तर सगळे पहाटेचे निरीक्षक. सर्व्हर जागतिक वेळेवर चालतो. जिथलं घड्याळ त्या वेळेच्या पुरेसं पुढे आहे तिथे पहाट होते तेव्हा सर्व्हरवर अजून कालचा दिवस असतो. पहाटे पाचला बसून लगेच भरलेली नोंद ‘उद्याची’ ठरते. आणि पक्षी बघायची वेळ तर पहाटच. जगातलं सर्वांत पुढचं घड्याळ जागतिक वेळेच्या १४ तास पुढे आहे, म्हणून मर्यादा ‘सर्व्हरची वेळ अधिक १४ तास’ अशी ठेवली. वेळक्षेत्र विचारणारा वेगळा रकाना नको. जितके रकाने जास्त तितके भरणारे कमी.

१८ ऑगस्ट

आज ब्राउझर बाजूला ठेवला आणि टर्मिनलमधून कर्ल या साधनाने ब्राउझरशिवाय अर्ज पाठवले. एचटीएमएलमधलं ‘रिक्वायर्ड’, किमान-कमाल, जावास्क्रिप्टची तपासणी हे सगळं भरणाऱ्याच्या सोयीसाठी. कर्लला त्यातलं काही दिसत नाही.

शेरा ॲरे (मूल्यांची यादी) म्हणून पाठवला, नावापुढे चौकटी कंस जोडून. एचटीएमएल-स्पेशल-कॅर्सला ॲरे मिळाला आणि ८.२ वर टाइप एररने पान कोसळलं. आता प्रत्येक रकाना आधी स्ट्रिंग आहे का ते पाहतो. ‘गुप्त ठेवा’ हा चेकबॉक्स खूण नसेल तर पाठवलाच जात नाही, तेव्हा नसणं म्हणजेच ‘नाही’. दुर्मीळ पक्ष्यांच्या घरट्यांची जागा यावर अवलंबून आहे, म्हणून यासाठी चार टेस्ट.

एक गंभीर सापडलं. आलेले सगळे रकाने फिरवून थेट अपडेट बनवला जात होता. मी ‘तपासलेली’ नावाचा रकाना वाढवून पाठवला, त्यात एक लिहिला, आणि माझी नोंद तज्ज्ञांनी पाहिल्याशिवाय प्रमाणित झाली. दुपारीच बंद केलं. कोणते रकाने घ्यायचे त्याची नेमकी यादी कोडमध्ये, बाकी आले तर दुर्लक्ष.

२० ऑगस्ट

डेटाबेस. अपेक्षेपेक्षा सरळ गेलं, कारण इथे उपाय एकच आणि जुना आहे. एसक्यूएल इंजेक्शनची (भरलेल्या मजकुरातून डेटाबेसला परक्या आज्ञा देण्याची) उघड मांडणी १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या ई-नियतकालिकात झाली. प्रिपेअर्ड स्टेटमेंट पीएचपीत ५ च्या काळापासून आहे. तरी आपल्याकडे अकरा ठिकाणी स्ट्रिंग जोडून क्वेरी होत्या. सगळ्या पीडीओवर (पीएचपीच्या डेटाबेस-जोडणीवर) नेल्या.

दोन जागा नुसत्या बाइंडने, म्हणजे मूल्य पॅरामीटर म्हणून वेगळं देऊन, सुटत नाहीत. कुठल्या कॉलमने क्रम लावायचा ते नाव पॅरामीटर म्हणून देता येत नाही. तिथे पाच नावांची यादी, यादीबाहेरचं आलं तर तारीख धरायची. आणि शोधाच्या लाइक या आज्ञेत टक्का व अंडरस्कोर: बाइंड केले तरी त्यांचा खास अर्थ राहतोच. कुणी शोधात फक्त टक्का टाकला की सगळा तक्ता यायचा. त्यांना वेगळं एस्केप केलं.

२२ ऑगस्ट

बाहेरची दारं. चूक सापडून अर्ज परत येतो तेव्हा भरलेलं सगळं जागेवर दिसायला हवं. दहा ओळींचा शेरा पुसला गेला तर माणूस दुसऱ्यांदा लिहीत नाही. पण तिथेच जुनं टेम्प्लेट फुटत होतं. व्हॅल्यू एकेरी अवतरणात, आणि ८.१ च्या आधी एचटीएमएल-स्पेशल-कॅर्स सांगितल्याशिवाय एकेरी अवतरण बदलत नसे. म्हणूनच तर डि’सोझांच्या रकान्यात नुसतं ‘डि’ दिसायचं, असं मी धरून चालले होते.

प्रत्यक्षात कारण वेगळंच निघालं. त्या पानावर एस्केपिंग नव्हतंच. आत येताना गाळलंय ना, मग बाहेर कशाला, म्हणून कुणी घातलं नाही. एका गाळणीच्या भरवशावर सगळी दारं उघडी राहिली होती. आता टेम्प्लेटमध्ये एकच छोटं फंक्शन, आणि त्याशिवाय काही छापायचं नाही.

नकाशासाठी नोंदी जावास्क्रिप्टमध्ये जातात, तिथे जेसन-एन्कोड, टॅगची चिन्हं हेक्समध्ये बदलणाऱ्या फ्लॅगसकट. सीएसव्ही (स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी फाइल) निर्यातीत बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा शेरा स्प्रेडशीट सूत्र म्हणून चालवायला जातं. अधिक, उणे आणि ॲटचंही तेच. तिथे निर्यात करतानाच आधी एकेरी अवतरण जोडतो. डेटाबेसमधला शेरा तसाच.

२५ ऑगस्ट

जुना डेटा. गाळणीने बदललेली अवतरणचिन्हं, म्हणजे अँपरसँड, हॅश, एकोणचाळीस, अर्धविराम असा चार तुकड्यांचा कचरा, मूळ रूपात परत आणली. आधी प्रत घेतली, मग एकेक बदल दोन जणांनी नजरेखालून घातला. कुणी खरंच तसं लिहिलं असेल तर? एकही सापडलं नाही.

कापलेले शेरे कुठूनच परत येत नाहीत. सर्व्हरच्या लॉगमध्ये पोस्टचा, म्हणजे अर्जातून पाठवलेला, मजकूर राहत नाही. स्वल्पविरामावर किंवा मोकळ्या जागेवर संपणारे शेरे वेगळे काढले, आणि ज्यांचे आहेत त्या प्रत्येकाला पत्र लिहिलं: चूक आमच्या अर्जाची होती, तुमची किंवा तुमच्या नेटवर्कची नव्हती, त्या दिवसाची वही असेल तर कृपया कळवा. ताईंना मी स्वतः फोन केला.

संशयित शून्यं शून्य म्हणून ठेवता येत नाहीत आणि पुसताही येत नाहीत. नवा कॉलम: ‘संख्या अनिश्चित’. त्या नोंदी आलेखात येणार नाहीत, पण त्या दिवशी त्या जागी कुणीतरी होतं, एवढं राहील.

३० ऑगस्ट

काल रात्री नवा अर्ज चालू केला. सकाळपासून एरर लॉगमध्ये आपलं काही नाही. पडताळणीत परत गेलेल्या अर्जांची वेगळी नोंद ठेवायला सुरुवात केलीय: रकाना आणि कारण, मजकूर नाही. एकाच कारणाने पुष्कळ अर्ज परत जायला लागले तर आधी नियमाकडे बघायचं.

ईमेल राहिलंय. पडताळणीने फक्त साचा कळतो, पत्ता खरा आहे हे पाठवलेल्या पत्रातला दुवा उघडला गेल्यावरच कळतं. ते पुढच्या आठवड्यात. फोटो अपलोड त्यानंतर.

अकराच्या सुमारास ताईंची नोंद आली. संख्या ०, शेरा: “तळ्याच्या किनार्‍यावर पावणेदोन तास. पाणी <१ फूट. एकही नाही.” डेटाबेसमध्ये उघडून पाहिली. सगळं आहे, जॉइनरसकट.